घरच्या ओव्हनमध्ये बेकरीसारखे पॅटीस: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

इथे पॅटीस म्हणजे बेकरीच्या काचेच्या कपाटातला, हातात घेतला की शर्टावर भुगा सांडणारा पॅटीस. उपवासाचा, आत ओलं खोबरं भरून तळलेला तो वेगळा. पुण्यात आपटे रस्त्यावरच्या संतोष बेकरीसमोर ज्याच्यासाठी रांग लागते, तो घरी करता येतो का? येतो. वेळ लागतो, पण त्यातला बराचसा वेळ पीठ फ्रीजमध्ये पडून असतं आणि तुम्ही तुमची कामं करत असता.

चिरोटे येत असतील तर अर्धी कल्पना तुम्हाला आहेच. चिरोट्यात दोन पोळ्यांमध्ये तूप आणि तांदळाच्या पिठाचं साटं लावतो, त्यामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत आणि तळताना सुटतात. पॅटीसमध्ये साट्याच्या जागी थंड बटरचा अख्खा थर असतो. ओव्हनच्या आचेत बटर वितळून पिठात मुरतं, बटरमधल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ प्रत्येक पदर वर उचलते. यात यीस्ट नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. त्यामुळे घडीत बटरचा थर अखंड राहिला तर पॅटीस फुगतो, थर पिठात विरघळला तर खुसखुशीत शंकरपाळ्यासारखं काहीतरी तयार होतं. बाकीची सगळी खटपट तो थर अखंड ठेवण्यासाठीच आहे.

१. काय काय लागेल

१२ पॅटीससाठी आवरणाचं साहित्य:

मैदा २५० ग्रॅम
बटर २०० ग्रॅम, थरासाठी
बटर २५ ग्रॅम, वितळवून पिठात घालायला
फ्रीजमधलं थंड पाणी १२५ मिली, शिवाय लागलं तर १ मोठा चमचा
लिंबाचा रस १ छोटा चमचा
मीठ: बिनमिठाचं बटर असेल तर ५ ग्रॅम, म्हणजे सपाट १ छोटा चमचा. खारट बटर असेल तर चिमूटभरच. पिवळ्या खारट बटरमध्ये १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम मीठ असतंच, त्यामुळे २०० ग्रॅममधून ४ ग्रॅम आपोआप येतं. पहिला घाणा खारट होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

सारणाचं साहित्य:

उकडलेले बटाटे ३०० ग्रॅम, मटार मूठभर, मध्यम कांदा १, आलं-लसूण-मिरचीचं वाटण १ चमचा, धणे-जिरे पूड १ चमचा, हळद, अर्धा चमचा गरम मसाला, अर्धा चमचा आमचूर, कोथिंबीर, तेल १ मोठा चमचा.

साधनं: वजनकाटा (वाटीच्या मापाने हे करू नका, दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या वाटीत ३० ग्रॅमचा फरक सहज पडतो), मोजपट्टी, बटर पेपर, धारदार सुरी किंवा पिझ्झा कटर, ब्रश, गार करायला जाळी. लाटणं सरळ आणि लांब हवं. पोळीचं लाटणं दोन्ही टोकांना निमुळतं असतं, त्याने मध्ये पातळ आणि कडेला जाड असं लाटलं जातं. पोळपाट तर अगदीच अपुरा पडतो. ओट्यावरच लाटा.

२. बटर कोणतं, आणि कोणतं नको

विकतचं बटर घ्या, खारट किंवा बिनमिठाचं. त्यात ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं. ते पाणी वाफेच्या कामाला येतं.

घरचं लोणी मोह पाडतं, पण थरासाठी घेऊ नका. त्यात ताकाचं पाणी किती राहिलं आहे हे दर वेळी वेगळं असतं आणि लाटताना ते पाणी सुटून पीठ चिकट होतं. तूपही नको. त्यात पाणी नसतं, शिवाय ते एकतर रवाळ घट्ट असतं किंवा पातळ. लाटण्याजोगा लवचिकपणा त्याला कधी येतच नाही.

बऱ्याच बेकऱ्या पेस्ट्रीसाठी खास मार्जरीन, म्हणजे वनस्पती तेलांचं बटरसारखं घट्ट मिश्रण, वापरतात. ते जास्त तापमानाला वितळतं, म्हणून मे महिन्यातही ओट्यावर शहाण्यासारखं वागतं. पण तोंडातही ते पूर्ण वितळत नाही. काही पॅटीस खाल्ल्यावर टाळूला मेणचटपणा राहतो, तो त्याचाच. त्यातल्या ट्रान्स फॅटची (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक मेदाची) धास्ती आता पूर्वीइतकी नाही, कारण जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलं आणि वनस्पती तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरी घरी एवढी मेहनत करायची तर बटरच वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. वेळ आणि हवा बघून सुरुवात करा

बटर १३ ते १८ अंशांच्या दरम्यान लाटण्याजोगं असतं. ३२-३५ अंशांना ते वितळतं. म्हणजे मुंबईत एप्रिलच्या दुपारी, नुसतं ओट्यावर ठेवलं तरी. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीची सकाळ हा शिकण्याचा सर्वांत सोपा काळ. इतर वेळी पहाटे करा, किंवा एसीच्या खोलीत टेबलावर करा. ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा ओटा असेल तर लाटण्याआधी १० मिनिटं त्यावर बर्फाचं ताट फिरवा आणि ओटा कोरडा पुसून घ्या. पंखा लावायला हरकत नाही, मात्र पिठाच्या पृष्ठभागाला वारा लागून पापडी धरते, म्हणून पीठ झाकलेलं ठेवा.

कामाची वाटणी अशी केली तर त्रास कमी होतो: संध्याकाळी पीठ, बटरचा चौकोन आणि पहिल्या दोन घड्या. रात्री झोपण्यापूर्वी आणखी दोन. सकाळी शेवटची घडी, सारण भरणं आणि भाजणं. ज्या दिवशी तुमच्या भागात वीज जाणार असेल तो दिवस टाळा. फ्रीज आणि ओव्हन दोन्ही एकदम बंद पडले तर काही करता येत नाही.

४. पीठ भिजवणं

मैद्यात मीठ आणि वितळवून कोमट केलेलं २५ ग्रॅम बटर चोळा. पाण्यात लिंबाचा रस मिसळून थोडं थोडं घाला. गोळा जमला की थांबा. पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही. जितकं मळाल तितकं पीठ रबरासारखं ताणून परत येईल आणि पुढे लाटताना तुमच्याशी भांडेल. गोळा वरून थोडा खडबडीत दिसला तरी चालेल, पुढच्या लाटण्यांत तो आपोआप गुळगुळीत होतो. चपटा चौकोन करून, झाकून एक तास फ्रीजमध्ये ठेवा.

५. बटरचा चौकोन

बटर पेपरची १५ सेंटिमीटरची चौकोनी घडी करा, पाकिटासारखी. आत १०० ग्रॅमच्या दोन वड्या शेजारी शेजारी ठेवून लाटण्याने आधी ठोका, मग लाटा. कोपऱ्यांपर्यंत सारखं पसरलं की साधारण १० मिलिमीटर जाडीची एकसंध लादी मिळते. २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

आता ही परीक्षा, आणि ही चुकवू नका. लादी बाहेर काढून दोन्ही हातांनी हलकेच वाकवा. ती वाकली पाहिजे, तडकता कामा नये. तडकली तर जास्त गार आहे, ५ मिनिटं बाहेर ठेवा. बोट सहज रुतत असेल, कागदाला चकचकीत तेल सुटत असेल तर परत आत. मग दुसऱ्या हाताने पिठाचा गोळा दाबून बघा. दोघांचा घट्टपणा सारखा लागला पाहिजे. पीठ मऊ आणि बटर दगड असेल तर लाटताना बटरचे तुकडे होतात आणि पिठाखाली नकाशातल्या बेटांसारखे दिसू लागतात. पीठ घट्ट आणि बटर मऊ असेल तर ते कडेने बाहेर पळतं. पॅटीस बिघडण्याची पुढची सगळी कारणं एकत्र केली तरी या एका चुकीइतकं नुकसान करत नाहीत.

६. बटर गुंडाळणं आणि घड्या

पीठ २३ सेंटिमीटरच्या चौकोनात लाटा. त्यावर बटरची लादी तिरपी ठेवा, म्हणजे लादीचे कोपरे पिठाच्या बाजूंच्या मध्याकडे येतील. पिठाचे चार कोपरे आत दुमडून पाकीट बंद करा. सांधे चिमटीने नीट मिटवा. आत बटर कुठेही उघडं दिसायला नको.

लाटण्याने आधी समांतर दाब देत जा, पुढे, आणखी पुढे, मग लाटायला घ्या. फक्त लांबीच्या दिशेने. १५ रुंद आणि ४५ लांब असा पट्टा करायचा आहे. कडा वाकड्या झाल्या तर मोजपट्टीने ढकलून सरळ करा. वरचं कोरडं पीठ ब्रशने झटका, नाहीतर पदरात कोरडा मैदा राहतो. आता टपालातल्या पत्राची करतो तशी तीन पदरी घडी घाला. ही एक घडी झाली. घडीची मिटलेली बाजू डाव्या हाताला येईल असं पीठ फिरवा आणि तेच पुन्हा करा. दोन घड्यांनंतर झाकून ४० मिनिटं फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात प्रत्येक घडीनंतर फ्रीज.

किती झाल्या हे हमखास विसरायला होतं. पिठावर बोटाने तितके खळगे पाडून ठेवा.

प्रत्येक घडीत थर तिप्पट होतात: ३, ९, २७, ८१ आणि पाचव्या घडीला २४३. फ्रेंच पद्धतीत सहा घड्या घालून ७२९ पर्यंत जातात. घरी पाचवर थांबा. पाचव्या घडीनंतर लाटलेल्या पिठात बटरचा थर केसाहून पातळ असतो. त्यापुढे जराशी ऊब लागली तरी तो पिठात मिसळतो आणि पॅटीस पावासारखा होतो.

लाटताना पीठ परत आखडू लागलं तर जोर लावू नका. झाकून २० मिनिटं आत ठेवा. बटर एखाद्या ठिकाणी बाहेर आलं तर त्यावर चिमूटभर मैदा चोळा, झटका आणि लगेच फ्रीजमध्ये. तयार पीठ झाकून दोन दिवस फ्रीजमध्ये टिकतं. त्यानंतर ते करडं पडायला लागतं.

७. सारण

याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बटाट्याची भाजी सगळ्यांना येते. कांदा परतून वाटण, मसाले, मटार आणि हाताने जाडसर कुस्करलेला बटाटा घाला. मीठ नेहमीपेक्षा कमी. फक्त दोन अटी पाळा. सारण कोरडं हवं: मुठीत दाबून सोडलं तर तळहाताला ओल लागायला नको. लागली तर कढईत मंद आचेवर ५ मिनिटं आणखी परता. आणि सारण गार हवं, म्हणजे फ्रीजमधून काढलेलं गार. कोमट सारण भरलं की खालचं बटर तिथेच वितळतं आणि पॅटीसचा तळ कच्चट राहतो. खिमा भरणार असाल तर तोही सुटं पाणी पूर्ण आटेपर्यंत परता.

८. कापणं आणि भरणं

पीठ ३२ बाय ४२ सेंटिमीटर, ४ मिलिमीटर जाड असं लाटा. चारही कडा एक-एक सेंटिमीटर कापून टाका. घडीच्या मिटलेल्या कडा तशाच ठेवल्या तर त्या बाजूने पदर सुटत नाहीत, पॅटीस तिरका फुगतो. उरलेल्या ३० बाय ४० च्या पत्र्यातून १० सेंटिमीटरचे १२ चौकोन निघतात. सुरी वरून खाली दाबून कापा. करवतीसारखी ओढली की थर एकमेकांना चिकटतात. कापलेल्या पट्ट्या फेकू नका, त्यांचं काम शेवटी आहे.

प्रत्येक चौकोनात ३० ग्रॅम सारण. यापेक्षा जास्त भरण्याचा मोह आवरा, कारण सारण जितकं जड तितका तळ बसतो. दोन लगतच्या कडांना बोटाने पाणी लावून त्रिकोण मिटा, किंवा अर्धा दुमडून आयत करा. दाब कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत द्या. कापलेली कड चेपली की तिचे पदर मिटले. करंजीसारखी मुरड घालायची नाही, काट्याने ठसेही नकोत. बऱ्याच बेकऱ्यांत आयताच्या दोन बाजू उघड्याच ठेवतात, त्यातून वाफ बाहेर पडते. पूर्ण बंद केला असेल तर वर सुरीच्या टोकाने दोन बारीक चिरा द्या.

वरून फेटलेलं अंडं लावा. अंडं नको असेल तर २ चमचे दुधात अर्धा चमचा साय घोटून लावा. रंग अंड्याइतका गडद येत नाही, पण येतो. ब्रश निथळून घ्या, त्यावर अगदी थोडंच राहू द्या. अंड्याचा ओघळ कडेवर आला तर तो डिंकासारखा पदर चिकटवतो. भरलेले पॅटीस अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. याच टप्प्याला ताटात सुटे ठेवून फ्रीझरमध्ये घट्ट करून पिशवीत भरले तर महिनाभर राहतात. खाण्याच्या दिवशी न वितळवता थेट ओव्हनमध्ये घाला आणि ६ ते ८ मिनिटं जास्त भाजा.

९. भाजणं

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) वर आणि खाली दोन्ही सळ्या लावून २२० अंशांवर किमान २० मिनिटं तापवा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला, असं नसतं. आतली हवा तापलेली असते, भिंती आणि ट्रे अजून गार असतात. जमलं तर आत ठेवायचा वेगळा तापमापक घ्या. घरगुती ओटीजीच्या काट्यात आणि प्रत्यक्षात २० अंशांचा फरक असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

एका वेळी सहा, मध्ये ४ सेंटिमीटर अंतर सोडून. उरलेले तोपर्यंत फ्रीजमध्येच. २२० वर १२ मिनिटं. या १२ मिनिटांत दार उघडायचं नाही. थर वर उचलत असतात, अजून कडक झालेले नसतात, गार हवा लागली की बसतात. मग १९० वर आणून १५ ते १८ मिनिटं.

वरचा रंग बघून बाहेर काढणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. एक पॅटीस उलटा करून बघा: तळ बदामी हवा. बाजूचे पदर बघा: ते कोरडे आणि सुटे दिसले पाहिजेत, ओलसर पांढरी रेघ दिसली तर आणखी ५ मिनिटं. वरून रंग जास्त येत असेल तर ॲल्युमिनियम फॉइल सैल झाका. उचलल्यावर पॅटीस आकाराच्या मानाने हलका लागला की झाला. जाळीवर १० मिनिटं ठेवा. ताटात ठेवलात तर खालची वाफ तळाला मऊ करते.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये होतात, पण खालून आच कमी असते. ट्रेसुद्धा आत ठेवून तापवा आणि गरम ट्रेवर पॅटीस ठेवा. एअर फ्रायरमध्ये १८० वर ठेवा, नाहीतर वरचे पदर करपतात आणि आतले कच्चे राहतात. कढईत मीठ तापवून भाजण्याचा प्रयोग नानकटाईसाठी ठीक आहे. पॅटीसला वरून आच लागते, तो प्रयोग इथे करू नका.

१०. बिघडलं तर कुठे बघायचं

ट्रेमध्ये बटरचं तळं साचलं आणि पॅटीस तळल्यासारखे झाले: ओव्हन कमी तापला होता किंवा पॅटीस गार नव्हते. थोडा फेस येणं मात्र चालतं.

फुगले, पण एका बाजूला कलले: कड कापली नाही किंवा लाटण्याचा दाब असमान होता.

फुगलेच नाहीत, पण चव चांगली: घड्यांच्या वेळी बटर पिठात मुरलं. पुढच्या वेळी फ्रीजची वेळ वाढवा.

भाजल्यावर चौकोन आखडून लहान झाले: पीठ जास्त मळलं किंवा कापण्याआधी विश्रांती दिली नाही. लाटून झाल्यावर पत्रा ओट्यावरून एकदा हलकेच उचलून खाली सोडा. आखडायचा तेवढा आखडू द्या, मग कापा.

दुसऱ्या दिवशी मऊ पडले: पडणारच. ओटीजीत १८० वर ७ मिनिटं ठेवले की परत कुरकुरीत. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला पॅटीस चामड्यासारखा होतो.

११. घड्यांची कटकट नको असेल तर

दोन वाटा आहेत. एक, तयार गोठवलेले पफ पेस्ट्रीचे पत्रे. अमेरिकेत ४९० ग्रॅमच्या खोक्यात दोन पत्रे येतात, ब्रिटनमध्ये ३२० ग्रॅमची गुंडाळी मिळते. मोठ्या शहरांत आपल्याकडेही मिळतात. वेष्टनावरचे घटक वाचून घ्या, अनेकांत बटर नसून वनस्पती तेलं असतात. रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्या. ओट्यावर सोडवायला ठेवला आणि विसरलात तर पत्रा कागदाला चिकटून बसतो.

दुसरी वाट पायची, म्हणजे साच्यात बसवून सारण भरायच्या इंग्रजी ‘pie’ची, जिच्या पिठाला घड्या लागत नाहीत. (मराठीत लिहिलं की तंगडी आठवते, त्याला इलाज नाही.) गोव्यात नाताळच्या सुमारास कोळंबीच्या किंवा डुकराच्या मांसाच्या सारणाचे छोटे एम्पादिन्य करतात, ते याच कुळातले. २०० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम थंड बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळून ब्रेडच्या चुऱ्यासारखं करा. करंजीला मोहन कडकडीत घालतो, इथे उलट: बटर वितळता कामा नये. ४५ मिली बर्फाचं पाणी घालून गोळा जमवा आणि तासभर गार करा. २० सेंटिमीटरच्या साच्यात ३ मिलिमीटर जाड पोळी बसवा, ताणू नका, ताणली की भाजताना कडा खाली घसरतात. तळाला काट्याने टोचे द्या. बटर पेपर ठेवून त्यावर कोरडा राजमा भरा, १९० वर १५ मिनिटं, मग राजमा काढून आणखी ८ मिनिटं. हे रिकामं भाजणं टाळलं तर ओल्या सारणाखाली कच्ची कणीक राहते. राजमा पुन्हा पुन्हा याच कामाला वापरा, पण शिजवायला नको.

१२. उरलेल्या पट्ट्यांची खारी

कापलेल्या कडा एकत्र मळल्या की सगळे पदर गेले. त्याऐवजी एकावर एक आडव्या रचा, अर्धा तास गार करा, अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, वर थोडं जिरं दाबा आणि ३ बाय ८ सेंटिमीटरचे तुकडे कापा. २०० वर १५ मिनिटं, मग १५० वर २० ते २५ मिनिटं, आतपर्यंत वाळेपर्यंत. ओव्हन बंद करून दार मिटलेलंच ठेवा आणि तिथेच गार होऊ द्या. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. जरा कोमट असताना भरलीत तर सकाळच्या चहाला ती मऊ निघेल.